जुन्या हवाई छायाचित्रांतून युद्धकालीन लष्करी ठिकाणे कशी ओळखावीत : ब्रिटनच्या संदर्भात

इंग्लंडच्या दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्याजवळच्या एखाद्या गावाचे १९४६ साली विमानातून काढलेले छायाचित्र पहिल्यांदा समोर येते, तेव्हा बहुतेकांना त्यात शेतांपलीकडे काहीच दिसत नाही. आणि तासाभराने जिकडेतिकडे तोफाच दिसू लागतात. या दोन्ही अवस्था सारख्याच निरुपयोगी आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि आठवड्याच्या सुट्टीत रानवाटांनी हिंडणाऱ्या मराठी मंडळींना शेताच्या कडेला काँक्रीटचा षटकोनी ठोकळा किंवा झुडपांत बुडालेला बंकर अनेकदा आढळतो आणि त्याच्या आसपास आणखी काय होते, असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या शोधता येते, मात्र त्यासाठी पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा लागतो. नवशिका आकारापासून सुरुवात करतो. या लेखात आकार मुद्दाम उशिरा येतो, कारण गोल, चौकोन आणि रेघा यांनी कोणतेही शेत भरलेले असते.

छायाचित्र कोणते आणि कोणत्या दिवसाचे

पहिली पायरी छायाचित्र मिळवण्याची. इंग्लंडसाठी स्विंडन येथील हिस्टॉरिक इंग्लंडचे अभिलेखागार, स्कॉटलंडसाठी एडिंबरा येथील राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रह आणि स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय ही मुख्य ठिकाणे आहेत, आणि त्यांच्याकडील बराच साठा आता संगणकावर पाहता येतो. गूगल अर्थमध्येही काही ब्रिटिश शहरांची १९४५ च्या सुमाराची चित्रे आहेत. ती ओळख करून घेण्यास ठीक, पण बारकाव्यासाठी अपुरी पडतात.

शाही हवाई दलाने युद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत संपूर्ण देशाची उभी, म्हणजे कॅमेरा सरळ खाली रोखून, छायाचित्रे घेतली. प्रत्येक उड्डाणाला एक क्रमांक असतो. त्याची सुरुवात ‘१०६जी/यूके’ अशी असेल तर ते हवाई दलाच्या १०६ व्या ग्रुपचे काम असते आणि ‘सीपीई/यूके’ अशी असेल तर मध्यवर्ती छायाचित्रण विभागाचे. ‘यूएस/७पीएच’ या अक्षरांनी सुरू होणारी चित्रे ऑक्सफर्डशायरमधील माउंट फार्म तळावरून उडणाऱ्या अमेरिकी सातव्या छायाचित्रण ग्रुपची असतात, आणि ती युद्ध चालू असतानाची असल्याने फार मोलाची ठरतात. जर्मन हवाई दलाने ब्रिटनची काढलेली छायाचित्रे युद्धानंतर दोस्तांच्या हाती लागली. त्यांतील मोठा साठा अमेरिकेत मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यांपैकी अनेक चित्रांवर जर्मन विश्लेषकांनी लक्ष्ये रेघांनी आखून दाखवलेली आहेत. ती आखणी उपयुक्त असली तरी तिला पुरावा मानू नये. तीही कोणाची तरी अटकळच आहे.

चित्राच्या कडेच्या पट्टीवर उड्डाण क्रमांक, चित्र क्रमांक, तारीख आणि बहुधा भिंगाचे नाभीय अंतर व विमानाची उंची लिहिलेली असते. सर्वप्रथम ही पट्टी वहीत उतरवून घ्यावी. तारखेला फार महत्त्व आहे, कारण १९४० साली घाईघाईने खणलेले रणगाडाविरोधी चर १९४६ पर्यंत पुष्कळ ठिकाणी बुजवून पुन्हा नांगराखाली आले होते, आणि १९४६ च्या उन्हाळ्यात घरांच्या टंचाईमुळे हजारो कुटुंबे रिकाम्या छावण्यांत जाऊन राहिली होती. त्या वर्षीच्या चित्रात बराकींमध्ये भाजीचे वाफे दिसले, तर ती छावणी नव्हतीच असा निष्कर्ष काढता येत नाही.

इथे एक सावधगिरी. ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याने युद्धानंतर अशी छायाचित्रे जोडून मोठे पट तयार केले. त्यांच्या जनतेसाठीच्या काही प्रतींत संवेदनशील लष्करी ठिकाणे रंगवून झाकलेली आहेत, आणि धावपट्टीच्या जागी खोटी शेते किंवा कापसासारखे ढग दिसतात. एखाद्या चौकोनात शेतांच्या बांधांची रेघ अचानक तुटत असेल, किंवा ढगाला सावलीच नसेल, तर मूळ चित्र मागवावे.

प्रमाण काढणे

दुसरी पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. भिंगाच्या नाभीय अंतराला उंचीने भागले की चित्राचे प्रमाण मिळते. वीस इंची भिंग आणि १६,५०० फूट उंची असेल तर प्रमाण सुमारे १ : ९,९०० येते, म्हणजे मूळ चित्रावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ दहा मीटर. पट्टीवरचे आकडे वाचता आले नाहीत तर आजही जागेवर असलेल्या दोन गोष्टी निवडाव्यात, उदाहरणार्थ चर्चचा मनोरा आणि रस्त्याचा चौक, आणि त्यांच्यातील अंतर आजच्या नकाशावर मोजून त्याची तुलना करावी. अशा जोड्या किमान तीन घ्याव्यात, कारण उंचसखल भूभागात प्रमाण एकाच चित्रात बदलते.

हे गणित केले की अपेक्षा ताळ्यावर येतात. त्या काळातील नेहमीचा षटकोनी पिलबॉक्स, म्हणजे आतून गोळीबार करण्यासाठीची काँक्रीटची छोटी चौकी, चार-पाच मीटर रुंद असतो, म्हणजे अशा चित्रावर अर्धा मिलिमीटर. त्याच्या भिंती मोजण्याचा प्रश्नच येत नाही. तो दिसतो तो एक उजळ ठिपका आणि त्याला चिकटलेली काळी सावली म्हणून. म्हणून संगणकावर चित्र दहापट मोठे करून ‘षटकोन स्पष्ट दिसतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तो षटकोन बहुधा पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो.

उजेड, सावली आणि दोन चित्रांची जोडी

तिसऱ्या पायरीला चित्र असे फिरवावे की सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने पडतील. ब्रिटनमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला असतो आणि सावल्या उत्तरेकडे पडतात. नेहमीप्रमाणे उत्तर वर ठेवून पाहिले की अनेकांच्या डोळ्यांना खड्डे उंचवटे वाटतात आणि उंचवटे खड्डे. बाँबचा खड्डा आणि मातीचा ढीग यांत एवढ्या एका गोष्टीने गल्लत होते. चित्र उलटे धरले की गोष्टी जागेवर येतात.

सावलीवरून उंचीही काढता येते. त्याच चित्रात उंची माहीत असलेली एखादी वस्तू शोधावी, तिच्या सावलीची लांबी मोजावी, आणि त्याच गुणोत्तराने अनोळखी वस्तूची उंची काढावी. मात्र दोन्ही सावल्या सपाट जमिनीवर पडलेल्या हव्यात. ‘चेन होम’ रडार केंद्रांचे पोलादी प्रक्षेपण मनोरे ३६० फूट आणि लाकडी ग्राहक मनोरे २४० फूट उंच असत. वरून पाहताना मनोरा जेमतेम एक ठिपका दिसतो, पण त्याची जाळीदार सावली शंभर मीटरपेक्षा लांब पसरलेली असते. अशी केंद्रे मनोऱ्यांपेक्षा त्यांच्या सावल्यांवरूनच आधी सापडतात.

उड्डाणातील लागोपाठची चित्रे साधारण साठ टक्के एकमेकांवर येतील अशी घेतलेली असत. त्यामुळे सलग क्रमांकांची दोन चित्रे स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र दाखवणाऱ्या दुहेरी भिंगाखाली, ठेवली की जमीन उठून दिसते. थेम्सकाठच्या मेडमेनहॅम येथील डेन्सफील्ड हाउसमध्ये शाही हवाई दलाचे जे विश्लेषण केंद्र १९४१ पासून होते, तिथले काम याच साध्या उपकरणावर चालत असे. म्हणून शक्य असेल तेव्हा एकच चित्र न मागवता शेजारची दोनही मागवावीत. थोडा खर्च वाढतो, पण झोपडीचे छप्पर आणि जमिनीवर पसरलेला बटाट्यांचा ढीग यांतला फरक त्याशिवाय कळत नाही.

वाटा आधी, इमारती नंतर

मेडमेनहॅमच्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी पेनेम्युंडे या जर्मन अस्त्रचाचणी केंद्राच्या नोव्हेंबर १९४३ मधील चित्रात एका प्रक्षेपण-उताराच्या टोकाशी असलेले चिमुकले विमान हेरले. ते व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे जर्मन बाँबविमान होते. तेवढ्या लहान आकारावरून एरवी काहीच सिद्ध झाले नसते. उत्तर फ्रान्समध्ये स्कीच्या आकाराच्या इमारतींसह जे उतार बांधले जात होते, त्यांच्याशी पेनेम्युंडेचा उतार जुळला, आणि म्हणून त्या ठिपक्याला अर्थ आला. शेजाऱ्यांवरून वस्तू ओळखण्याची हीच पद्धत आपल्यालाही वापरायची आहे.

लष्करी ठिकाणाला माणसे, दारूगोळा, पाणी आणि अन्न रोज पोहोचवावे लागते. त्यामुळे तिथे नवी वाट तयार होते, आणि चुनखडीच्या किंवा वालुकामय जमिनीत ती पांढऱ्या ओरखड्यासारखी चमकते. शेतकऱ्याची वाट फाटकापासून गोठ्यापर्यंत किंवा शेतापर्यंत जाते. लष्करी वाट बांध ओलांडून माळाच्या मधोमध एखाद्या ठिकाणी जाऊन तिथे वळसा घेते, कारण लॉरीला परत फिरायचे असते. काटेरी तारेच्या वेटोळ्यांत गवत कापले जात नाही आणि गुरे चरत नाहीत. म्हणून तार स्वतः दिसली नाही तरी तिच्या जागी गडद, धूसर पट्टा दिसतो आणि तिच्या कडेने पहारेकऱ्यांच्या पावलांची बारीक रेघ उमटते. चित्रावर आधी अशा सगळ्या वाटा आणि पट्टे पारदर्शक कागदावर उतरवावेत, आणि त्या कोठे मिळतात ते पाहावे. इमारती शोधायच्या त्या तिथे.

आता आकार

सर्वांत खात्रीने ओळखता येते ती जड विमानविरोधी तोफांची बॅटरी, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तोफांचा गट. चार तोफांचे काँक्रीटचे तळ, बहुधा अष्टकोनी आणि आतल्या बाजूने दारूगोळ्याच्या कोनाड्यांचे, एका कमानीत मांडलेले असतात आणि कमानीच्या आतल्या बाजूला अर्धे जमिनीत गेलेले आदेशकेंद्र असते. ३.७ इंची आणि ४.५ इंची तोफा अशा ठिकाणी असत. जवळच बराकींच्या रांगा असतात. निर्णायक खूण बरेच जण चुकवतात : तोफांना दिशा देणाऱ्या जीएल रडारभोवती जमिनीपासून वर ताणलेली तारेची अष्टकोनी जाळी असे, जिचा व्यास सुमारे १३० यार्ड होता. जाळी काढून टाकल्यावरही तिचा फिकट अष्टकोन आणि मध्यापर्यंत जाणारी वाट १९४६ च्या चित्रात राहिलेली दिसते. शेतात एवढा मोठा आणि रेखीव अष्टकोन दुसऱ्या कोणत्याही कारणाने तयार होत नाही. याउलट १९४४ च्या उन्हाळ्यात व्ही-१ रोखण्यासाठी किनाऱ्यावर घाईने हलवलेल्या बॅटऱ्या रेल्वेचे रूळ आणि स्लीपर यांच्या तात्पुरत्या तळांवर उभ्या होत्या, आणि त्यांचा मागमूस फार थोडा उरतो. त्याच काळातील रॉकेटच्या झेड बॅटऱ्यांत ६४ प्रक्षेपक आठ बाय आठच्या चौकटीत असत. बागेतल्या रोपांसारखी ती ठिपक्यांची नियमित मांडणी एकदा पाहिली की विसरत नाही.

सर्चलाइटचे ठिकाण याच्या उलट, फार फसवे. मातीच्या लहान गोल बांधात एक दिवा, शेजारी दोन-तीन झोपड्या आणि टेहळणीचे छोटे खड्डे, एवढाच त्याचा पसारा. माती सपाट झाल्यावर पिकात उमटणारे त्याचे वर्तुळ आणि कांस्ययुगीन थडग्याभोवतीच्या चराचे वर्तुळ यांत फरक करणे कठीण जाते आणि पुरातत्त्वाच्या नोंदींतही अशी गल्लत झालेली आहे. रस्त्यापासून दिव्यापर्यंतची वाट आणि झोपड्यांच्या खुणा सापडल्या नाहीत तर ‘सर्चलाइट’ हा शब्द लिहू नये.

फसवी ठिकाणे हा प्रकार मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री जळाल्यानंतर कर्नल जॉन टर्नर यांच्या विभागाने शहरांबाहेर ‘स्टारफिश’ ठिकाणे उभारली. हल्ला सुरू झाल्यावर तिथे आगी पेटवायच्या आणि मागून येणाऱ्या विमानांना त्या शहराच्या वाटाव्यात, अशी योजना होती. चित्रात आगीच्या गटांभोवती आग पसरू नये म्हणून खणलेले चर दिसतात, आणि बऱ्याच अंतरावर मातीने झाकलेली नियंत्रणखोली. सॉमरसेटमधील मेंडिप टेकड्यांवरचा ब्लॅक डाउन हा ब्रिस्टलसाठीचा असा माळ होता. तिथे मातीच्या लहान ढिगाऱ्यांच्या लांबच लांब सरळ रांगाही आहेत. त्या आगीच्या मांडणीचा भाग वाटण्याजोग्या असल्या, तरी मूळ हेतू शत्रूच्या विमानांना माळावर उतरू न देण्याचा होता. त्याच माळाच्या माथ्यावर बीकन बॅच येथे कांस्ययुगीन थडग्यांचे उंचवटेही आहेत. तीन वेगवेगळ्या कारणांनी रचलेली माती एकाच चित्रात : सरळ रांगेत आणि सारख्या अंतरावर असेल ती १९४० ची, एकएकटी आणि मोठी असेल ती प्राचीन. सरावासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

विमानतळ ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. १९४२ पासूनच्या प्रमाणित तळावर २,००० यार्डांची एक मुख्य आणि १,४०० यार्डांच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि भोवती वळसा घालणारा रस्ता असतो. त्या रस्त्याला लटकलेले विमाने उभी करण्याचे तळ सुरुवातीच्या काळात लांब दांड्याच्या पळीसारखे, तर नंतर चष्म्याच्या जोडभिंगांसारखे दिसतात, आणि त्यांवरून बांधकामाचा काळही अंदाजता येतो. बाँबसाठा मात्र मुद्दाम दूर, मातीच्या बांधांत विभागलेला असतो. तो वेगळे ठिकाण समजून नोंदवला जाण्याची चूक होते.

पिलबॉक्स एकेकटे शोधण्याच्या फंदात पडू नये. १९४० साली मायदेशाच्या संरक्षणसेनेचे प्रमुख जनरल आयर्नसाइड यांच्या आराखड्यानुसार देशभर आडव्या संरक्षणरेषा आखल्या गेल्या आणि त्या नद्या, कालवे व रेल्वेचे भराव यांना धरून होत्या. आधी ती रेषा शोधावी, मग तिच्यावरचे पूल आणि वळणे पाहावीत. ठिपका तिथे सापडला तर त्याला वजन येते. सपाट मोकळ्या शेतात, अगदी गोल्फच्या मैदानातही, शत्रूची ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना उडणारी विमाने, उतरू नयेत म्हणून खणलेले चर उभ्या-आडव्या जाळीत दिसतात. जमिनीतील पाण्याचा निचरा करणारे चर मात्र उताराच्या दिशेने जातात.

हीच पद्धत ब्रिटनबाहेरही चालते. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी ज्या सेनिओ नदीच्या काठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिथे पूर अडवणारे उंच मातीचे बांध हीच जर्मनांची तटबंदी होती. अशा ठिकाणी उभ्या चित्रात नव्या भिंती शोधून काही मिळत नाही. बांधाच्या उतारावर सारख्या अंतराने पडलेले काळे ठिपके आणि तिथवर जाणाऱ्या पायवाटा शोधाव्या लागतात.

जे लष्करी नाही ते

एका औद्योगिक गावाजवळ मी चार वर्तुळांची सुबक कमान पाहून दोन संध्याकाळी तोफांची बॅटरी आखत बसलो होतो; ती सांडपाणी शुद्धीकरणाची गोल गाळणकुंडे निघाली. १९३० च्या दशकातील नकाशावर ती छापलेलीच होती. त्यानंतर युद्धापूर्वीचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा उघडल्याशिवाय मी कोणतीही खूण करत नाही. गॅसच्या टाक्या, गवताच्या गंजी, भाड्याने दिलेल्या भाजीच्या वाफ्यांतील शेड आणि युद्धानंतरची तयार घरांची वसाहत हे नेहमीचे बहुरूपी आहेत. अर्धगोल छपराची निस्सेन झोपडी मात्र छटेवरून कळते : साध्या उतरत्या छपराला एक उजळ आणि एक गडद अशा दोन सपाट बाजू असतात, तर निस्सेनवर उजेडाकडून सावलीकडे छटा हळूहळू उतरत जाते.

तीन तारखा

संशयित जागा हाती आली की तिची किमान तीन चित्रे किंवा नकाशे शेजारी ठेवावेत : युद्धापूर्वीचे, युद्धकाळातील किंवा लगेच नंतरचे, आणि १९५० नंतरचे. जे १९३८ मध्ये नव्हते, १९४६ मध्ये होते आणि १९५५ पर्यंत विरळ झाले, त्याचा युद्धाशी संबंध असण्याची शक्यता वाढते. सुरुवात १९५० नंतर झाली असेल तर ते शीतयुद्धाचे असू शकते, उदाहरणार्थ रॉयल ऑब्झर्व्हर कोअर या टेहळणी दलाच्या भूमिगत चौक्या. याच टप्प्यावर इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा मोफत लायडार (विमानातून लेसर किरणांनी मोजलेला) उंचीनकाशा पाहावा. झाडीखाली गेलेले बांध आणि बुजलेले चर त्यात अनेकदा अजून उठून दिसतात.

कागद आणि जमीन

छायाचित्राने सुचवलेली गोष्ट कागदाने पक्की होते. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मायदेशी असलेल्या लष्करी तुकड्यांच्या रोजनिशा ‘डब्ल्यूओ १६६’ या मालिकेत आणि हवाई तळांच्या नोंदवह्या ‘एअर २८’ मध्ये आहेत. तुकडीचे नाव माहीत नसले तरी गावाच्या नावावरून आणि विमानविरोधी विभागाच्या क्षेत्रावरून शोध लागू शकतो. त्याआधी कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीच्या १९९५ ते २००२ मधील ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्पाची यादी तपासावी. तिच्यात सुमारे वीस हजार ठिकाणे आहेत, आणि आपले ‘नवे’ ठिकाण त्यांतच निघण्याचा संभव मोठा असतो.

मग प्रत्यक्ष जागेवर जावे, मालकाची परवानगी घेऊन आणि शक्यतो हिवाळ्यात, जेव्हा झुडपे उघडी असतात. खणू नये. न फुटलेला दारूगोळा अजूनही सापडतो, आणि लष्करी विमान कोसळलेल्या जागी परवान्याशिवाय खणणे १९८६ च्या कायद्याने गुन्हा आहे. बंकरमध्ये वटवाघळे असतील तर आत जाऊ नये. त्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. हाच छंद महाराष्ट्रात करू पाहणाऱ्यांनी एक भान ठेवावे, की पुण्याचे लोहगाव किंवा नाशिकजवळचे देवळाली ही युद्धकाळापासूनची ठिकाणे आजही लष्कराच्या वापरात आहेत; तिथल्या मांडणीचे नकाशे करून प्रसिद्ध करण्याचे काम करू नये.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक ठिकाणासाठी आठ अंकी ग्रिड संदर्भ, म्हणजे दहा मीटरपर्यंतची जागा, उड्डाण व चित्र क्रमांक, चित्राची तारीख, मोजलेले आकार, आणि ओळख कशावरून केली ते लिहावे. खात्रीचे तीनच दर्जे ठेवावेत : फक्त आकार जुळतो ते ‘शक्य’, आकार, वाटा आणि तारखा तिन्ही जुळतात ते ‘संभाव्य’, कागद किंवा जागेवरचे अवशेष मिळाले तर ‘निश्चित’. दिसलेली वस्तू आणि तिचा लावलेला अर्थ वेगवेगळ्या वाक्यांत लिहावा, उदाहरणार्थ ‘सुमारे बारा मीटर व्यासाचे चार उजळ आकार कमानीत आहेत’ आणि मग ‘ती तोफांची बॅटरी असणे शक्य’. अशी नोंद त्या जिल्ह्याच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदणी कार्यालयाला पाठवता येते. तिच्यासोबत, तपासून बाद केलेल्या जागांची यादीही कारणासह पाठवावी. माझ्या यादीत ती गाळणकुंडे पहिल्या क्रमांकावर आहेत.